मदत हवी आहे: बादलीभर हिल्ला आलीये, टिकवू कशी? आणि बियांचं काय?

नमस्कार मंडळी, आम्ही फिनलंडला ओउलूत असतो. शेजारच्या आजोबांनी दलदलीतून वेचलेली हिल्ला, म्हणजे क्लाउडबेरी, छोटी बादली भरून दिलीये. इकडे ही सोन्याच्या भावाने विकतात, २ युरोच्या नाण्यावरही हीच आहे, त्यामुळे वाया घालवायची अजिबात इच्छा नाही. काही केशरी-पिवळी अगदी मऊ आहेत, काही लालचुटूक पण कडक, मग पिकलेली नक्की कुठली? बिया चांगल्याच टणक आहेत आणि सासूबाई आल्यात, त्यांना कवळी आहे, शिवाय शुगर. मी सरळ साखरांबा घालणार होते पण नवरा म्हणतो शिजवलं की व्हिटॅमिन सी गेलं, मग उपयोग काय? प्लीज लवकर सांगा, मऊवाली पाणी सोडायला लागलीत.

रानवाटा: लाल ती कच्ची, बाजूला काढा, तुरट लागतील. हिचं उलटं असतं, आधी लाल आणि पिकल्यावर पिवळी. एका देठाला एकच फळ, नर-मादी झाडं वेगळी आणि फुलोऱ्यात हिमकडाका पडला की त्या वर्षी बोंब, म्हणून तो भाव. आजोबांना काहीतरी गोडधोड पाठवा बरं का!

चकलीवाली: नवरोबा थोडेफार बरोबर आहेत, शिजवल्यावर सगळं नाही पण काही सी जातंच. १०० ग्रॅममध्ये साधारण ६० ते १०० मिलिग्रॅम सी असतं, संत्र्यापेक्षा जास्तच (आवळ्यापुढे काहीच नाही, पण तिकडे आवळा कुठला). पूर्वी नॉर्वेचे खलाशी स्कर्व्ही होऊ नये म्हणून खायचे. त्यामुळे शिजवू नकाच, न धुता नुसती निवडून लहान डब्यांत फ्रीझ करा, धुतली तर लगदा होतो. तसंही हिच्यात मुळातच बेंझोइक अॅसिड असतं, सहज बुरशी धरत नाही, त्यामुळे टिकण्यासाठी म्हणून साखर ओतायची गरज नाही. सासूबाईंना फळापेक्षा त्या साखरांब्यातल्या साखरेचाच त्रास व्हायचा, किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

रानवाटा: बियांसाठी सूपची गाळणी घ्या आणि लाकडी चमच्याने दाबून गर काढा. चोथ्याबरोबर फायबर जातं, पण कवळीखाली बी अडकली की काय होतं ते आमच्या आईला विचारा. तुम्ही दोघं मात्र बियांसकटच खा.

धागाकर्ती: थँक्यू थँक्यू! निवडायला बसतेच आता. गाळलेला गर श्रीखंडात चालेल का? इथलं दाट तुर्की दही आणलंय.

चकलीवाली: धावेल! चक्क्यात शेवटी घाला, आंबट आहे म्हणून जरा बेताने. आणि थोडी अख्खी ठेवून लेइपायूस्तोवर घालून खा, ते चीज पूर्वी चिकाच्या दुधाचं करायचे, सासूबाईंना खरवसाची आठवण येईल.