विचार करायला वेळच नव्हता, असा तुमचा प्रसंग?

पन्हाळीखाली: काल रात्री पाऊस कोसळायला लागला आणि मी उठून बसले. नवरा म्हणाला, "झाला तुझा सव्वीस जुलै सुरू." २००५. कालिन्यात ऑफिसची गाडी अडकली, पाणी पावलांना लागलं. तिघे सहकारी म्हणत होते, काचा लावून बसू, ओसरेल. इंजिन चालू होतं तेवढ्यात मी काच खाली केली आणि खिडकीतून बाहेर. गाडी बंद पडली की काचा हलत नाहीत, पाणी चढलं की दार ढकलवत नाही. एवढं तेव्हा कळत नव्हतं हो, नुसता जीव घुसमटला. मागून ड्रायव्हरकाका, मग बाकीचे. आमच्या बाजूला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस, तिकडे फोर्टाजवळ कुलाब्याला ७३! फोर्टातल्या साहेबांना फोन लागला असता तरी पटलं नसतं. गाड्यांत गुदमरून माणसं गेल्याचं पेपरात वाचलं, तेव्हा हात कापायला लागले.

चकलीताई: गॅसचा भपकारा. सासूबाई पंखा लावायला बटणाकडे. मी किंचाळले, "हात लावू नका!" गॅस जड, खाली साचतो, म्हणून आधी रांगतं बाळ उचललं, मग रेग्युलेटर बंद, दारं उघडी. आठ दिवस अबोला.

नाना_सातारकर: आठच? नशीबवान आहात.

चकलीताई: 😂 नवव्या दिवशी स्वतःच शेजारणीला सांगत होत्या, बटण दाबायचं नसतं म्हणून.

रानजाई: भावाला मण्यार साप चावला. रात्री दोनला म्हणतो पोटात दुखतंय. खूण डास चावल्याएवढी, सूज नाही. आजी म्हणे ओवा दे. पण पापण्या मिटायला लागल्या त्याच्या. काका म्हणाले आधी देवऋषी, मी मोटरसायकल काढली. थांबा, दूध उतू जातंय

नाना_सातारकर: वरंध घाट. ब्रेकचं पेडल भसकन खाली. तिसरा, दुसरा, पहिला गिअर, हँडब्रेक हळूहळू, आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासली. थांबल्यावर वडील काय म्हणाले? "रंग गेला की रे."

पन्हाळीखाली: वडील लोक 🙏

खिडकीसीट: रानजाई, भाऊ वाचला का??? दूध गेलं खड्ड्यात

रानजाई: वाचला वाचला. ग्रामीण रुग्णालयात लस होती. आता जमिनीवर झोपत नाही आणि माझ्याशी बांधावरून भांडतो.

खिडकीसीट: पन्हाळीखाली, घरी पोचलात कधी?

पन्हाळीखाली: दुसऱ्या दिवशी दुपारी, अनवाणी. वाटेत एका चाळीतल्या मावशींनी चहा-खारी दिली. ऑफिसने त्या दिवसाची रजा मांडली.