दोन वेगळ्या कंपन्यांच्या रॅम लावल्यापासून पीसी बंद पडतोय, काय करावं?

जकार्ड डिझाइन

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टर्किश टॉवेलचे माग आहेत. त्यांची जकार्ड डिझाइनं, म्हणजे मागावर विणूनच उमटणारी नक्षी, मी पीसीवर करतो. प्रोसेसर रायझन ५ २६००, मदरबोर्ड बी४५०, रॅमच्या चार जागा. आधी एकच रॅम होती, ८ जीबी, डीडीआर४, २४०० वेगाची. मोठं डिझाइन उघडलं की पीसी अडकायचा, म्हणून गेल्या महिन्यात आणखी ८ जीबी घेतली. ती दुसऱ्या कंपनीची आणि ३२०० ची मिळाली. दुकानात बसवतानाच बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) वेग २९३३ करून दिला.

दोन दिवस छान चालला. मग निळी स्क्रीन सुरू झाली, कधी दिवसातून एकदा, कधी चारदा. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, परवा पेज फॉल्ट. दर वेळी वेगळंच.

खरी काळजी दुसरीच आहे. एका किनारीत आठ पाकळ्यांचं फूल होतं. फाइल नीट सेव्ह झाली, उघडलीही. मागावर चढवल्यावर दिसलं की आठव्या पाकळीत एक टिंब भलत्याच रंगाचं आहे. आमच्या फाइलमध्ये एक टिंब म्हणजे ताण्याचा एक धागा, त्यामुळे ती चूक प्रत्येक फुलात उतरली. बारा टॉवेल विणून झाल्यावर भावाच्या लक्षात आलं. रॅममुळे असं होऊ शकतं का? आणि आता नवीन जोडी घेऊ की आहे त्यातच काही जमेल?

होटगी रोडकर

आधी एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बघा दादा. ग्राफिक कार्ड असेल आणि सप्लाय जुना असेल तर असंच होतं. आपल्याकडे लाइटचा खेळ तर माहितीच आहे.

जकार्ड डिझाइन

यूपीएस आहे, ग्राफिक कार्ड अगदी साधं आहे. पीसी धाडकन बंद होत नाही, दर वेळी निळी स्क्रीन येऊनच रीस्टार्ट होतो.

विजापूर वेस

मग सप्लायवरचा संशय तूर्त बाजूला ठेवा. सप्लाय दगा देतो तेव्हा बहुतेक वेळा स्क्रीन यायच्या आधीच मशीन बंद पडतं. दर वेळी वेगळा कोड, त्यात मेमरी मॅनेजमेंट आणि पेज फॉल्ट, शिवाय सेव्ह केलेल्या फाइलमध्ये चूक. मी पहिली रॅमच तपासली असती.

पाकळीचं विचारलंत, तर हो, होऊ शकतं. डिझाइन उघडं असताना ते रॅममध्येच असतं. तिथे एक बिट (० किंवा १ चा एक कण) पलटला आणि तुम्ही सेव्ह दाबलं, तर पलटलेलंच डिस्कवर जातं. घरगुती पीसीच्या साध्या रॅममध्ये अशी चूक पकडायची सोय नसते, म्हणून कुठलाही इशारा येत नाही. तेव्हा आजपासून तपासणी होईपर्यंत या पीसीवर काम सेव्ह करू नका. गेल्या महिन्याभरात सेव्ह केलेल्या फाइली मागावर चढवण्याआधी जुन्या प्रतीशी ताडून बघा. निळ्या स्क्रीनपेक्षा मला याची जास्त भीती वाटते.

आता मूळ दुखणं. वेगळ्या कंपनीच्या दोन रॅम एकत्र चालतात, त्यात चूक काही नाही. दोघींना मात्र एकाच वेगाने चालावं लागतं, आणि तो वेग सावकाश असलेलीने ठरवायचा असतो. बोर्डाला त्याच्या मनाने करू दिलं असतं तर त्याने २४०० च्या वर नेलंच नसतं. तुमच्याकडे हाताने २९३३ केलं, म्हणजे जुन्या रॅमला तिच्या लेबलापेक्षा सुमारे बावीस टक्के जोरात पळवलं.

नव्या रॅमवर ३२०० लिहिलंय तेही नीट समजून घ्या. बऱ्याचशा अशा रॅमचा तो वेग एक्सएमपी प्रोफाइलचा (वेग वाढवायच्या तयार सेटिंगचा) असतो, त्याला १.३५ व्होल्ट लागतात. प्रोफाइल बंद असेल तर तीच रॅम १.२ व्होल्टवर २१३३, २४०० किंवा २६६६ ने निमूट चालते. जुनी तर १.२ व्होल्टचीच आहे. म्हणून बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा. काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. वेग २४०० ठेवा, व्होल्टेज आणि टायमिंग ऑटोवर सोडा. सेटिंग सापडत नसेल तर प्लग काढून बोर्डावरचा सीआर २०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, सगळं मूळ पदावर येतं.

नुसतं एवढं करून कामाला लागू नका. रॅम तपासायचा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून पीसी सुरू करा. आधी एकेक रॅम एकटी, मग दोन्ही, आणि दर वेळी निदान चार फेऱ्या. रात्री लावून झोपा. चुकीची एक जरी लाल ओळ आली तरी ती नापास, "एकच तर आहे" म्हणून सोडायचं नाही.

जुना कारागीर

वरचं सगळं पटलं, एक भर घालतो. मागाच्या शेडशेजारी पीसी आहे ना? मग रॅमच्या खाचेत रुईची तुसं नक्की असणार. मी एमआयडीसीतली किती मशीन उघडली, खाचेत कापसाची वातच बसलेली असते. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मगच रॅम काढा. खाच ब्लोअरने, लांबून, थोड्या हवेने. सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. खोडरबर सगळेच वापरतात, मीही वापरायचो, पण त्याचा चुरा परत खाचेत जातो.

बसवताना प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी जागा घ्या, म्हणजे ड्युअल चॅनेल मिळेल, दोन्ही रॅम जोडीने चालतील. डीडीआर४ ची खालची कड मधे किंचित फुगीर असते, त्यामुळे एक बाजू बसली की दुसरीही बसली असं वाटतं. दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा, खटका ऐकू आला पाहिजे.

होटगी रोडकर

माझाही प्रश्न विचारून घेतो. ऑफिसात जुना इंटेल पीसी आहे, ४ जीबीची एक रॅम आहे. तिच्याशेजारी ८ ची लावली तर वाया जाईल का?

जुना कारागीर

नाही ओ, लावा की. इंटेलमध्ये ४ अधिक ४ जोडीने चालतात, उरलेले ४ एकेरी. फक्त डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते बघून घ्या, दोन्ही रॅमच्या कडेचा काप वेगळ्या ठिकाणी असतो. बसत नसेल तर जोर लावू नका.

जकार्ड डिझाइन

तीन रात्री तपासणी चालली, निकाल सांगतो.

जुनी एकटी २९३३ वर: दहा मिनिटांत लाल ओळींची रांग. तीच २४०० वर: चार फेऱ्या स्वच्छ. नवी एकटी २९३३ वर: स्वच्छ. दोन्ही मिळून २४०० वर, दुसऱ्या आणि चौथ्या जागेत: स्वच्छ. म्हणजे दोन्ही रॅम धडधाकट आहेत. आणि हो, खाचेतून बोटाच्या पेराएवढी रुई निघाली.

आता नवीन जोडी घ्यायची गरज आहे का, एवढंच सांगा.

विजापूर वेस

अजिबात नाही. डिझाइनच्या कामाला वेगापेक्षा जागा महत्त्वाची, ती १६ जीबी झाली. २४०० आणि २९३३ मधला फरक तुमच्या हाताला जाणवणारही नाही. पुढे ३२ करायची वेळ आली तर या दोन्ही विका आणि १६ ची जोडी एकाच पाकिटातली घ्या. जोडीतल्या रॅम कंपनीने एकत्र तपासलेल्या असतात. दोन वेळा एकाच नावाची रॅम सुटी घेतली तरी आतली चिप वेगळी निघू शकते, कोर्सेअर तर लेबलवर व्हर्जन क्रमांकच छापते. उरलेल्या दोन जागांत आणखी दोन भरायच्या भानगडीत पडू नका, चार रॅम झाल्या की या प्रोसेसरवर वेग आणखी उतरवावा लागतो.

विंडोजच्या फाइलीही बिघडल्या असतील. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow) ही त्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवा.

जकार्ड डिझाइन

चालवलं, बिघडलेल्या फाइली सापडल्या आणि दुरुस्तही झाल्या. आज अकरावा दिवस, एकही निळी स्क्रीन नाही. महिन्याभरातल्या सगळ्या फाइली ताडून पाहिल्या, आणखी दोन डिझाइनांत चुकीची टिंबं निघाली. मागावर चढण्याआधी सापडली म्हणून विजापूर वेस आणि कारागीरकाका, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी त्या किनारीचा नवा टॉवेल उतरला. भावाने भिंग लावून बघितला. आठवी पाकळी जागेवर आहे.