ओपन म्हणजे मुलांचं असतं का? (वरच्या लेव्हलला बायका पुरुषांना टक्कर देऊ शकतात का, खरं सांगा)

पांढरंप्यादं

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक ११ वर्षांची आहे, चार वर्षं झाली बुद्धिबळ खेळतेय. मागच्या रविवारी इथे एका मंगल कार्यालयात रॅपिड टुर्नामेंट होती, आठ राऊंड, दीडशेच्या वर पोरं, फॅन बंद, नुसता घाम. हिचे साडेसहा पॉइंट झाले आणि ओपनमध्ये सहावी आली. नियम असा होता की एका खेळाडूला एकच बक्षीस, जे मोठं असेल ते. त्यामुळे हिला सहाव्या नंबरचं पाकीट मिळालं आणि बेस्ट गर्लची ट्रॉफी दुसऱ्या मुलीला गेली. तर सातव्या आलेल्या मुलाचे वडील आर्बिटरशी भांडायला लागले की मुलींसाठी वेगळं बक्षीस ठेवलंय ना, मग हिने ते घ्यावं, ओपनमधली जागा कशाला अडवते. सगळ्यांसमोर. आर्बिटरने नियमाचा कागद दाखवला तेव्हा गप्प बसले, पण येताना गाडीवर मागे बसून लेक विचारते, "आई, ओपन म्हणजे मुलांचं असतं का?"

मी "नाही गं" म्हटलं खरं, पण पुढे काय सांगायचं ते सुचेना. घरी सासरे म्हणाले, दिव्या देशमुखसुद्धा महिलांचाच वर्ल्ड कप जिंकली ना, मग.

आता पुढच्या महिन्यात १३ वर्षांखालची जिल्हा निवड आहे, ओपन आणि मुली दोन्ही गट एकाच वेळी, नाव एकातच देता येतं. कुठे द्यावं? आणि मोठा प्रश्न म्हणजे अगदी वरच्या लेव्हलला बायका पुरुषांसमोर टिकू शकतात का? गुळमुळीत नको, खरं सांगा. पोरीला खोटं सांगायचं नाहीये.

अडीचघरं

ताई, आधी पोरीचं अभिनंदन, दीडशेत सहावी म्हणजे खायचं काम नाही.

मी नागपुरात पोरांना शिकवतो म्हणून सांगतो, बुद्धिबळात 'पुरुष गट' नावाची भानगडच नाही. एक ओपन आणि एक महिला. पण हे आपोआप नाही झालं. आपल्या मुंबईच्या खाडिलकर बहिणी आठवतात का, वासंती, जयश्री आणि रोहिणी, 'नवाकाळ'वाल्या नीळकंठ खाडिलकरांच्या मुली. रोहिणी १९७६ मध्ये १३ वर्षांची असताना महिलांची राष्ट्रीय विजेती झाली आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. केवढा गदारोळ झाला. प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे, जे स्वतः माजी जगज्जेते होते, त्यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बाईला बाई आहे म्हणून अडवता येणार नाही. आणि ती नुसती बसून आली नाही, राज्य विजेते असलेले तीन पुरुष हरवले तिने त्या स्पर्धेत. म्हणजे तुमची लेक परवा ज्या खुर्चीवर बसली नं, ती एका मराठी पोरीने भांडून मिळवलेली आहे. हे सांगा तिला गाडीवर.

आता वरची लेव्हल. युडिट पोल्गार, हंगेरीची. डिसेंबर १९९१ ला १५ वर्षं ४ महिन्यांची असताना ग्रँडमास्टर झाली, बॉबी फिशरचा रेकॉर्ड मोडून. महिलांची जागतिक स्पर्धा आयुष्यात कधी खेळलीच नाही, गरजच वाटली नाही. २००५ मध्ये रेटिंग (खेळाची ताकद मोजणारे पॉइंट) २७३५, जगात आठवी, महिलांमध्ये नाही हो, सगळ्यांमध्ये आठवी. २००२ ला मॉस्कोत कास्पारोव्हला रॅपिडमध्ये हरवलं. तर होऊ शकतं का, हो, झालेलं आहे. पण खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो, तिच्यानंतर तिथपर्यंत कुणी पोचलं नाही. हौ यिफान २६८६ पर्यंत गेली आणि मग शिकायला ऑक्सफर्डला निघून गेली.

दिव्याचंच बघा. २०२५ ला बाटुमीत आपल्याच कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून वर्ल्ड कप जिंकली, १९ वर्षांची, पंधरावं सीडिंग. त्याच वर्षी गोव्याला ओपनचा वर्ल्ड कप झाला, तिथे २०६ खेळाडूंत एकटी बाई होती ती, आणि पहिल्याच फेरीत ग्रीसच्या एका ग्रँडमास्टरकडून दोन्ही डाव हरली. पण त्याच्या दोन महिने आधी समरकंदला ग्रँड स्विसच्या ओपन गटात तेव्हाचा जगज्जेता असलेल्या गुकेशशी बरोबरी करून आली होती. हे दोन्ही खरं आहे.

कारण विचाराल तर माझ्या क्लासात ४० पोरं आणि ५ पोरी आहेत. दहावीनंतर ५ च्या २ होतात. शिखर कुठून उंच होणार बाप्पा.

स्पष्टच_बोलतो

सगळे छान छान बोलणार म्हणून मी वाईटपणा घेतो.

बुद्धिबळ, नेमबाजी वगैरे सोडा, पळणं, उड्या, ताकद जिथे येते तिथे हा प्रश्न संपलेला आहे. बोल्टचा १०० मीटरचा रेकॉर्ड ९.५८, बायकांचा १०.४९, आणि तो १९८८ पासून तसाच आहे. उंच उडीत सोतोमायोर २.४५ आणि युक्रेनची माहुचीख २.१०, म्हणजे फूटभरापेक्षा जास्त फरक. हे ट्रेनिंगने भरून निघत नाही, वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांची हाडं, स्नायू, फुप्फुसं, रक्तातलं हिमोग्लोबिन सगळंच वाढतं. १२ वर्षांपर्यंत पोरगी पोरांच्या बरोबरीने पळते आणि १५ ला तीच पोरं पुढे निघून जातात, तिने काही चूक केलेली नसते.

टेनिसचं तर माहीतच असेल. १९९८ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या वेळी विल्यम्स भगिनी म्हणाल्या की आम्ही दोनशेच्या आसपास रँक असलेल्या पुरुषाला हरवू. कार्स्टन ब्राश नावाचा जर्मन, रँक २०३, सकाळी गोल्फ खेळून आला आणि सेरेनाला ६-१, व्हीनसला ६-२. आता लगेच कुणीतरी बिली जीन किंग काढेल, तर १९७३ ला तिने रिग्जला हरवलं तेव्हा ती २९ ची होती आणि रिग्ज ५५ चा.

आणि दिव्याबद्दल आदर आहेच, पण ग्रँडमास्टर टायटल तिला फक्त महिलांची स्पर्धा जिंकून थेट मिळालं, त्याआधी एकही नॉर्म (एखाद्या स्पर्धेत ग्रँडमास्टरच्या दर्जाची कामगिरी) नव्हता. पोरांना तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग करता करता घाम फुटतो. हा मुद्दा काढला की लगेच पुरुषी मानसिकता, म्हणून कुणी काढत नाही.

(त्या सातव्या नंबरच्या बापाचं मात्र अजिबात समर्थन नाही. नियम म्हणजे नियम.)

अडीचघरं

@स्पष्टच_बोलतो, टायटलचा मुद्दा बरोबर आहे, नियमात तसं आहे, कॉन्टिनेंटल म्हणजे खंडाची स्पर्धा जिंकणाऱ्या पोरांनाही थेट टायटल मिळतंच की, तेव्हा कुणी घाम मोजत नाही. आणि मदत नेहमी एकाच दिशेने होते असं नाही. १९८७ च्या सुरुवातीला जागतिक संघटनेने जगातल्या सगळ्या बायकांना रेटिंगमध्ये १०० पॉइंट फुकट दिले, फक्त एकीला सोडून. सुझान पोल्गार, युडिटची थोरली बहीण. का, तर ती पुरुषांशी खेळते म्हणून तिचं रेटिंग 'बरोबर' आहे. झालं, महिलांमधला पहिला नंबर गेला बिचारीचा.

दहामीटर

मी कोल्हापूरची, सहा वर्षं रायफल केली, आता नोकरी. नेमबाजी 'सोडा' म्हणालात म्हणून आले.

सोडता कशाला, खरी गंमत तिथंच आहे की ओ. ऑलिम्पिकला एके काळी पुरुष बायका एकत्रच नेम धरायचे. १९७६ ला माँट्रियलला थ्री पोझिशनमध्ये (झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून रायफल) मार्गारेट मर्डॉक आणि लॅनी बॅशम या दोन अमेरिकनांचे पॉइंट सेम झाले, टाय सोडवताना गोल्ड बॅशमला गेलं, तर त्याने राष्ट्रगीताच्या वेळी तिला हात धरून वरच्या पायरीवर घेतलं. मग १९९२ बार्सिलोना, स्कीट (हवेत उडणाऱ्या टार्गेटवर नेम), ओपन इव्हेंट. चीनची झांग शान. फायनलच्या आधीच्या राऊंडला २०० पैकी २००, एकही चिमणी सुटली नाही (आम्ही क्ले टार्गेटला चिमणीच म्हणायचो), आणि शेवटी २२५ पैकी २२३, गोल्ड. सगळ्या पुरुषांना मागे टाकून. पुढच्या ऑलिम्पिकला काय झालं माहितेय? स्कीट फक्त पुरुषांचं केलं. आणि बायकांचं स्कीट १९९६ ला ठेवलंच नाही, २००० ला आलं. म्हणजे चॅम्पियन बाईला आपलं गोल्ड राखायला जायला इव्हेंटच नव्हता. बंदी तिच्यामुळे आली असं कागदावर कुणी लिहिलेलं नाही, पण योगायोग बघा.

आमच्या वेळी एअर रायफलला पोरं ६० शॉट मारायची आणि आम्ही ४०. का? कुणी सांगायचं नाही. कोच म्हणायचे बायकांना झेपत नाही. आठ किलोचा जॅकेट-पँट घालून तासभर उभं राहायचं झेपतंय, पण वीस गोळ्या जास्त झेपत नाहीत! २०१८ पासून सगळ्यांना ६० झाल्या, कुणी चक्कर येऊन पडलं नाही.

आणि आपली अंजली भागवत. २००२ ला म्युनिकला चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स झाली, एअर रायफलला पुरुष आणि बायका एकत्र असलेल्या इव्हेंटमध्ये. लोकांना तिच्या ऑलिम्पिक फायनलचं माहीत असतं, हे नाही.

फेटेवाला

अवांतर आहे, पण कोल्हापूरचा विषय निघाला म्हणून. ताकदीच्या खेळातसुद्धा एक प्रकरण होऊन गेलंय, हमीदा बानू. १९४०-५० च्या काळात उत्तरेतून येऊन ही बाई पुरुष पैलवानांशी फडात कुस्त्या करायची, आणि जाहीर सांगायची की मला चीतपट करेल त्याच्याशी लग्न करीन. १९५४ ला बडोद्यात बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदात लोळवलं. कोल्हापुरात मात्र सोमासिंग पंजाबीला हरवलं तर लोकांनी दगड मारले, बाईने जिंकलं म्हणजे नुराच, आधी ठरवलेली खोटी कुस्तीच असणार म्हणून. आता त्या कुस्त्यांत खऱ्या किती आणि नुरा किती हे देवालाच ठाऊक, तक्रारी तेव्हाही होत्या आणि मोरारजी देसाईंपर्यंत गेल्या होत्या. पण माझे आजोबा सांगायचे की त्या काळात पुरुषांच्या नुरा कुस्त्याही काय कमी व्हायच्या, त्यांना कुणी धोंडे नाही मारले, फक्त तिकिटाचे पैसे परत मागितले.

घाटातलीधाव

स्पष्टच_बोलतो यांचे आकडे बरोबर आहेत, मी स्वतः पळते, नवऱ्यापेक्षा जास्त प्रॅक्टिस करून हाफ मॅरेथॉनला त्याच्या दहा मिनिटं मागे असते, शांतपणे स्वीकारलंय. फक्त एक भर घालते, अंतर खूप खूप वाढवलं की प्रकार बदलायला लागतो. इंग्लंडमध्ये स्पाइन रेस म्हणून ४३० किलोमीटरची रेस असते, भर जानेवारीत, चिखल, बर्फ, रात्र सोळा तासांची. २०१९ ला ती जॅस्मिन पॅरिस नावाच्या बाईने जिंकली, बायकांमध्ये नाही, एकूण पहिली, ८३ तास १२ मिनिटं, आधीचा रेकॉर्ड १२ तासांनी मोडून. आणि घरी तान्हं बाळ होतं, त्यामुळे वाटेतल्या चेकपॉइंटला थांबून दूध काढत होती. अमेरिकेतही कोर्टनी डॉवॉल्टरने २०१७ ला मोआबची २४० मैलांची रेस अशीच मारली, दुसरा आला तो दहा तासांनी.

यावरून बायका पुरुषांपेक्षा भारी असं नाही म्हणायचं, तिथेही बहुतेक वेळा पुरुषच जिंकतात. पण तिथे झोप, पोट, डोकं आणि कुठे थांबायचं नाही हे कळणं, यावर जास्त चालतं, नुसत्या मांड्यांवर नाही.

आणि दुसरं, २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या पोरी वर्ल्ड कप जिंकल्या तेव्हा मी स्टेडियममध्ये होते. घसा बसला होता. बायकांचा बॉल हलका असतो, बाउंड्री आत असते, सगळं मान्य. आजूबाजूच्या एकालाही त्या रात्री प्रश्न पडला नव्हता की या पोरी पुरुषांच्या टीमला हरवतील का. वेगळा गट म्हणजे हलका गट हे आपण डोक्यात का धरून बसतो?

अडीचघरं

ताई, मूळ प्रश्न राहूनच गेला. माझा सल्ला वापरून बघा. निवड स्पर्धेला मुलींच्या गटात नाव द्या, बिनधास्त, लाजायचं कारण नाही. तिथून राज्याला जायला मिळतं, चांगल्या पोरी भेटतात, राज्याचा अनुभव या वयात लवकर मिळालेला बरा. आणि वर्षभर रेटिंग स्पर्धा मात्र ओपन खेळवा, सगळ्याच. नुसती मुलींच्या गटात खेळत राहिली तर त्याच सहा-सात चेहऱ्यांशी डाव होतात आणि रेटिंग तिथेच गोल गोल फिरतं, हे मी तीन-चार गुणी पोरींचं होताना बघितलंय.

स्पष्टच_बोलतो

याला सहमत. (नोंद घ्यावी, मी सहमत झालोय.)

पांढरंप्यादं

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. खाडिलकरांचं सांगितलं लेकीला, तर तिचा पहिला प्रश्न, "१३ वर्षांची होती तर शाळेत सुट्टी कशी दिली?" झांग शानचं ऐकून मात्र जाम चिडली. सासऱ्यांना पोल्गारचं रेटिंग वाचून दाखवलं, ते "असेल" म्हणाले, पण रात्री मोबाइलवर तिचेच डाव बघत बसले होते.

निवडीला मुलींच्या गटात नाव दिलंय. तुमचा सल्ला सांगायच्या आधीच तिने ठरवलं होतं, कारण तिची मैत्रीण तिथे खेळते आणि राज्याला दोघींना एका खोलीत राहायचंय. दिवाळीच्या सुट्टीत रेटिंग स्पर्धा आहे ती ओपन.

आणि तो सातवा आलेला मुलगा, त्याने कुठूनतरी हिचा आयडी शोधला आणि आता रोज संध्याकाळी ऑनलाइन ब्लिट्झला बोलावतो. बापाला माहीत नसावं बहुतेक. स्कोअर किती झाला विचारलं तर सांगत नाही, म्हणजे सध्या हरतेय.