रंगावर जाऊ नका

रेड वाइन म्हणजे जड आणि व्हाइट वाइन म्हणजे हलकी, असं बरेच जण म्हणतात, पण मला काही ते पटत नाही. इटलीतली बारोलो ही रेड वाइन ग्लासात इतकी फिकट दिसते की पाणी घातलंय की काय वाटावं, पण घोट घेतला की टॅनिनने (द्राक्षाच्या सालीबियांतल्या तुरट घटकाने) हिरड्या आवळून येतात. फ्रान्सची शाब्ली आणि कॅलिफोर्नियाची ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली शार्डोने, या दोन व्हाइट वाइन घ्या. द्राक्ष एकच, शार्डोने, पण पहिली लिंबासारखी तरतरीत, दुसरी लोण्यासारखी. (तो लोण्याचा वास बहुतेक वेळा डायअ‍ॅसिटिल या रसायनाचा.) २००१ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या बोर्दोच्या प्रयोगात व्हाइट वाइनमध्ये लाल रंग मिसळून ५४ विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी तिचं वर्णन चक्क रेडच्या शब्दांत केलं! आणि हो, व्हाइट अगदी बर्फगार करू नका, वास मरतो. १० अंशांच्या आसपास ठेवून बघा.