पद्मिनीचा गंजलेला पत्रा : वेल्डिंग करावे की इपॉक्सीने चिकटवावा?

प्रश्न
वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी मी जपून ठेवली आहे. मागच्या मडगार्डच्या कडा आणि डिकीतला पत्रा गंजून गेला आहे आणि डाव्या बाजूला, पाट्यांची (मागच्या लीफ स्प्रिंगची) मागची शॅकल, म्हणजे त्यांचे टोक बॉडीला जोडणारी झुलती कडी, जिथे बसते तिथेही, पेचकस टोचला की आत जातो. मागे एका दाराला गॅस वेल्डिंगने ठिगळ लावून घेतले, तेव्हा पत्र्याला लाट आली, ती झाकायला जाड पुट्टी भरावी लागली आणि एका पावसाळ्यात पुट्टीला तडे गेले. आता सगळेच काम दोन घटकांच्या स्ट्रक्चरल इपॉक्सीने (पत्रे जोडणाऱ्या ताकदवान गोंदाने) करता येईल का?

उत्तर १
मडगार्ड आणि डिकीचा पत्रा अवश्य चिकटवा. शॅकलच्या जागेला मात्र वेल्डिंगच हवे. पद्मिनीला वेगळी चासी नाही, त्यामुळे पाट्यांचा प्रत्येक धक्का थेट बॉडीच्या पत्र्यावर येतो. चांगला इपॉक्सी, दोन पत्रे एकमेकांवरून सरकवू पाहणारी ओढ, एका चौरस सेंटिमीटरमागे २०० किलोच्या आसपास सहन करतो; पण कडेपासून पत्रा सोलून काढणाऱ्या ताणापुढे तोच सांधा फार लवकर हार मानतो. १९९६ च्या लोटस इलीसची ॲल्युमिनियमची चासी इपॉक्सीने जोडलेली आहे, तरीही हे सोलणे रोखण्यासाठी तिथे यांत्रिक जोडही दिलेले आहेत. आपणही निदान २५ मिलिमीटरचा पदर एकावर एक घ्यावा आणि टोकांना रिव्हेट मारावेत.

उत्तर २
सांधा सुटतो तो बहुधा तयारीतल्या हयगयीमुळे. रंग, प्रायमर आणि गंज घासून पत्रा पांढरा चमकेपर्यंत काढा, ८० नंबरच्या पेपरने ओरखडे पाडा, ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोटही लावू नका. कोकणातल्या दमट हवेत उघडा पत्रा पाहता पाहता तांबूस होतो, म्हणून तासाभराच्या आत इपॉक्सी लावा. दोन्ही बाजूंना लावा, पत्रा बसल्यावर उचलून पाहू नका, कारण आत हवा शिरते; हलवायचा असेल तर सरकवा. क्लॅम्प फार आवळला तर इपॉक्सी बाहेर निघून सांधा कोरडा राहतो. आत पाव मिलिमीटरचा थर राहायला हवा.

गाडीला हात लावण्याआधी त्याच पत्र्याच्या दोन पट्ट्या चिकटवून २४ तास ठेवा आणि दुसऱ्या दिवशी शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) धरून छिन्नीने उचकटा. इपॉक्सी दोन्ही पट्ट्यांवर चिकटून राहिला तर तयारी योग्य झाली. एका पट्टीवरून तो सालीसारखा निघून खाली चकचकीत पत्रा दिसला, तर घासण्यात किंवा पुसण्यात चूक झाली. मी स्वतः हे न करता एकदा मडगार्ड बसवला आणि तो काढून पुन्हा करावा लागला.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. दोन्ही कामांचा क्रम कसा ठेवावा?

उत्तर १
आधी शॅकलची जागा कापून नव्या, तेवढ्याच जाडीच्या पत्र्याने मिग वेल्डिंग (तारेची भर घालत केलेले विजेचे वेल्डिंग) करून घ्या आणि ती पूर्ण थंड झाल्यावरच डिकीचा पत्रा चिकटवा. २०० अंशांच्या आसपास इपॉक्सी जळून सुटतो, म्हणून नंतर चिकटवलेल्या सांध्याजवळ ठिणगी पाडू नका. पुढे कधी तो मडगार्ड बदलायचा झाला, तर याच गुणामुळे हीट गनने तापवून तो सोडवता येईल.