तळणीचं तेल गाळून ट्रॅक्समध्ये घातलं, तरी फिल्टर तुंबतो

बागायतदार_गुहागर
खानावळीतून आठवड्याला २०-२५ लिटर तळणीचं तेल मिळतं. पामोलिन जास्त, थोडं सोयाबीन. बांगडा, सुरमई, बोंबील आणि वडे, सगळं त्याच कढईतलं. सध्याची पद्धत अशी: तेल ७० अंशांपर्यंत तापवायचं, दुहेरी सुती कापडातून आणि मग गरम असतानाच ५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पिशवीतून गाळायचं. बाटलीत बघितलं तर मधासारखं नितळ. गाडी जुनी ट्रॅक्स, ओएम ६१६ इंजिन, इनलाइन पंप. तीन भाग डिझेल, एक भाग तेल. डिसेंबर लागल्यापासून सकाळी गाडी दम खाते. फिल्टर उघडला की कागदावर साबणासारखा पांढरा थर. १ मायक्रॉनची पिशवी लावून फरक पडेल का? की सरळ बायोडिझेलच (मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याने तेलाचं केलेलं पातळ इंधन) करावं?

तेलगाळे
१ मायक्रॉनने काही होणार नाही. पिशवी बरोबर आहे, तेल गरम आहे ते चूक.

पामोलिनमध्ये लवकर गोठणारे स्निग्ध अंश असतात. ७० अंशांना ते पूर्ण विरघळलेले असतात, म्हणून कुठल्याही पिशवीतून तेलाबरोबर पार होतात. पहाटे गारठा पडला की टाकीत ते पुन्हा पांढरे होतात आणि फिल्टरवर जाऊन बसतात. थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं, तसलाच प्रकार. तेव्हा शेवटची गाळणी गारच झाली पाहिजे.

२०० लिटरचा उभा ड्रम घ्या, तोटी तळापासून ८-१० इंच वर बसवा. तेल ओतून पडवीत सावलीला तीन-चार आठवडे ठेवा, हलवू नका. तांदळाचं पीठ, रवा, जळका मसाला आणि पांढरी साय सगळी खाली बसते. तोटीच्या वरचं तेवढंच काढा. खालचं गढूळ तेल फेकायचं नाही. दुसऱ्या ड्रमात जमवून एप्रिल-मेच्या उकाड्यात वापरायला काढता येतं, तेव्हा ते गोठत नाही. मग १००, २५, ५ मायक्रॉन अशा उतरत्या पिशव्या. गार तेल रात्रभर ठिबकत राहतं, ठिबकू द्या. घाई करून पंपाने दाब दिलात तर मऊ साय पिशवीतून पिळून निघते.

त्याआधी एक करा: तो पांढरा थर लोखंडी पळीत घेऊन तापवा. वितळून नितळ झाला तर साय. चुरचुरला तर पाणी.

पंपदुरुस्ती_रत्नागिरी
मासे तळलेल्या तेलात पाणी असणारच, आणि ते साधं नाही, खारं. मीठ-मसाला लावलेला मासा कढईत पडतो, त्याचं पाणी बारीक थेंबांनी तेलात राहतं. बरेच जण ते उकळून उडवतात. तसं केलं की पाणी जातं, मीठ मागे राहतं. इंजेक्शन पंपाच्या प्लंजरमध्ये (इंधन दाबून पुढे ढकलणारा दांडा) काही मायक्रॉनांचीच फट असते; तिथे मीठ आणि ओल एकत्र आली की गंज धरतो, पंप अडकतो. शिवाय ओल्या तेलाला जास्त आच दिली की त्यातली आम्लं वाढतात.

त्यामुळे तोटीतून काढलेलं तेल ६० अंशांपर्यंत तापवा, आच बंद करा, भांड्याला गोणपाट गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळातलं पाणी, नितळ तेल यायला लागेपर्यंत, काढून टाका. जे जाईल त्यात मीठही गेलं. मगच उरलेली ओल काढायला १०५-११० अंश, सतत ढवळत, बुडबुडे थांबेपर्यंत. पुन्हा गार करा आणि वर सांगितलेली गाळणी तेव्हा.

तपासायला कोरडा तवा चांगला तापवून चमचाभर तेल टाका. तडतडलं तर पाणी भरपूर, बारीक मोत्यांसारखे बुडबुडे आले तर अजून थोडी ओल, नुसतं पसरून धुरकटलं तर कोरडं.

ओएम ६१६ हे प्री-चेंबरचं इंजिन, म्हणजे इंधन आधी छोट्या कप्प्यात पेटतं; ते सोसतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, इंजिनात रिंगांवर कार्बन चढतो, रोटरी पंप घट्ट तेलाने मोडतो आणि कॉमन रेलच्या (खूप जास्त दाबाने इंधन फवारणाऱ्या नव्या पद्धतीच्या) गाडीत तर थेंबही घालू नये. तुमच्याकडेही इंजिन ऑइल निम्म्या अंतरावर बदला. न जळलेलं तेल सम्पमध्ये (इंजिन ऑइलच्या तळटाकीत) उतरून ऑइलची जेली करतं. तेलाच्या वाटेवर तांब्याची नळी असेल तर काढा, तांब्याने तेल चिकट होतं.

मालवणी_माणूस
पावसात ड्रम उघडो ठेवशात तर केलेला सगळा फुकट. लहान डबे घेवा, गळ्यापर्यंत भरा, झाकान घट्ट लावा. आत हवा कमी रवली काय पाणी कमी धरता.

रसायन_चिपळूण
बायोडिझेलबद्दल. तेल तव्यावर कोरडं ठरल्याशिवाय हात लावू नका, नाहीतर डिझेलऐवजी साबण होईल.

आधी आम्लता मोजा. १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १ ग्रॅम कॉस्टिक सोडा. दुसरीकडे १० मिली आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये १ मिली तेल, त्यात फिनॉल्फथॅलीनचे (अल्कलीत गुलाबी होणारं रसायन) दोन थेंब. सिरिंजने सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडा. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. जितके मिली लागले, तितके ग्रॅम जास्तीचा सोडा दर लिटर तेलाला, मूळच्या ३.५ ग्रॅमवर. उदाहरणार्थ २ मिली लागले तर ५.५ ग्रॅम, १० लिटरला ५५ ग्रॅम आणि मिथेनॉल २ लिटर. ५-६ मिलीच्या वर गेलं तर ते तेल बायोडिझेलला घेऊ नका. मासे तळलेल्या तेलात हळद उतरलेली असते, तीही अल्कलीत लालसर होते. रंग ओळखताना फसू नका.

सोडा मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवा, ५५ अंशांच्या तेलात घाला, झाकलेल्या भांड्यात तासभर ढवळा. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, त्याच्या जवळ जायचं नाही. रात्रभरात तपकिरी ग्लिसरीन खाली बसतं. ते काढा, वरचं कोमट पाण्याने हळुवार धुवा, सुकवा. ३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये हलवा. तळाशी तेलाचा थेंब दिसला तर काम अपुरं.

ॲल्युमिनियमचा टोप चालत नाही, कॉस्टिक तो खातं. चूल किंवा गॅस जवळ नको. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसतही नाही. वाफ आणि कातडी, दोन्हीतून ते अंगात जातं, डोळे जातात. २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली, ती मिथेनॉलनेच. ते विकत घ्यायला-ठेवायला काय परवाना लागतो ते आधी विचारा. ग्लिसरीन पऱ्ह्यात (ओढ्यात) किंवा माडाच्या मुळाशी ओतू नका, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक दोन्ही असतं.

आठवड्याच्या २० लिटरसाठी एवढा पसारा मला तरी परवडणारा वाटत नाही. गार गाळणी नीट करा. आणि खानावळवाल्याला सांगा, २५ टक्क्यांवर पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापून बनणारे खराब घटक) गेलेलं तेल तळायला वापरू नये असा २०१८ पासून नियम आहे. लवकर सोडलेलं तेल तुम्हालाही कमी आम्ल मिळेल.

बागायतदार_गुहागर
पळीत तापवलं. आधी चुरचुरलं, मग वितळून नितळ झालं. म्हणजे दोन्ही. आम्लता तरी मोजून ठेवतो. घरचा काटा १ ग्रॅमचा आहे, चालेल?

रसायन_चिपळूण
१ ग्रॅमच्या काट्यावर १ ग्रॅम मोजता येत नाही. सोनाराकडून ५ ग्रॅम मोजून आणा, डबी घट्ट बंद, कॉस्टिक हवेतली ओल लगेच ओढतं. ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून ५०० मिली करा. त्यातलं १०० मिली घेऊन पाण्याने १ लिटर करा. तेच १ ग्रॅमचं पाणी झालं.