खानापूर (जि. बेळगाव): भावाला पुन्हा वर्दी हवी, पुतण्याला अग्निवीर व्हायचंय. कागद कुठून हलवायचे?

प्रश्न: मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. थोरला भाऊ मराठा लाईट इन्फंट्रीतून 24 वर्षांची सेवा करून हवालदार म्हणून घरी आलाय. वय 43, पेन्शन सुरू आहे, बाहेर पडून 14 महिने झाले. त्याला परत आत जायचंय. कोण डीएससी (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, माजी सैनिकांची पहाऱ्याची फौज) म्हणतं, कोण टीए (टेरिटोरियल आर्मी).

त्याचा मुलगा 18 वर्षांचा. एसएसएलसी (कर्नाटकची दहावी) इथेच मराठी माध्यमातून, 625 पैकी 289. बारावी मात्र मामाकडे चंदगडला (जि. कोल्हापूर) राहून केली, त्यामुळे आधारवर पत्ता चंदगडचा. उंची 167. अर्ज बेळगावच्या भरती कार्यालयात की कोल्हापूरच्या? माहितगारांनी नीट सांगावं, एजंट लोकांनी डोकं खाल्लंय.

उत्तर 1: बेळगाव_रेकॉर्ड

आधी भावाचं बघू, कारण त्याचं घड्याळ चालू आहे.

टीएच्या शिपाई भरतीला वयाची मर्यादा 18 ते 42. बेळगावात 115 टीए बटालियन (महार) आहे, कोल्हापुरात 109 (मराठा), पण 43 व्या वर्षी तिथं दार बंद. शिवाय टीए ही मुळात दुसरा कामधंदा असलेल्या माणसासाठी उभी केलेली फौज आहे. बटालियन जेवढे दिवस बोलावून ठेवेल तेवढ्याच दिवसांचा पगार.

डीएससीला जनरल ड्युटीसाठी वय 46 च्या आत लागतं, आणि डिस्चार्ज झाल्यापासून पुन्हा भरती होईपर्यंत दोन वर्षांपेक्षा जास्त खंड चालत नाही. म्हणजे वय आडवं येत नाही, खंड येतो. 14 महिने गेलेत, हातात 10 उरलेत, आणि त्यातच भरतीची तारीख, धावणं, मेडिकल, कागदांची तपासणी सगळं बसायला हवं. क्लार्कसाठी खंडाची सूट जास्त आहे, पण ती ट्रेड असलेल्यांनाच.

बाकी अटी: कॅरेक्टर 'एक्झम्प्लरी' किंवा 'व्हेरी गुड', मेडिकल कॅटेगरी शेप-वन (म्हणजे पूर्ण तंदुरुस्त), आणि सगळ्या सेवेत दोनपेक्षा जास्त रेड इंक एन्ट्री (मोठ्या शिक्षेच्या नोंदी) नकोत. डिस्चार्ज बुकाची पानं आजच उघडून हे तपासा. रिलीज मेडिकलच्या वेळी कॅटेगरी खाली गेलेली असेल तर तिथंच विषय संपतो. निवृत्तीनंतर वर्षभरात माणसं अडकतात ती रक्तदाब आणि वजनात. भरतीच्या आदल्या आठवड्यात उपाशी राहून पोट जात नाही, आत्तापासून सकाळचं धावणं सुरू करायला सांगा.

उत्तर 2: माजी_सैनिक_निपाणी

वरच्या साहेबांचं बरोबर आहे. पण आत गेल्यावर काय मिळतं, हेही भावाला आधी कळू दे.

हवालदार होता म्हणून हवालदार राहत नाही. डीएससीत शिपाई म्हणूनच घेतात, फीत नव्याने कमवावी लागते. काम पहाऱ्याचं: एअर फोर्स स्टेशन, नौदलाचे डेपो, दारूगोळ्याची कोठारं, डीआरडीओची केंद्रं. गेट, टॉवर, रात्रपाळी. केंद्र केरळात कण्णूरला. पहिली पेन्शन चालू राहते आणि वर शिपायाचा पगार मिळतो, हीच खरी ओढ असते. पोस्टिंग बहुतेक पीस स्टेशनला (सीमेपासून लांब, शांत ठिकाणी), क्वार्टर मिळालं तर कुटुंब सोबत नेता येतं.

एक गोष्ट मात्र भरतीच्या गडबडीत कोणी सांगत नाही. डीएससीची दुसरी पेन्शन हवी तर तिथली 15 वर्षे भरावी लागतात. 35-38 ला आत गेलेल्याची भरतात. 43 ला शिरलं की 15 वर्षे व्हायला 58 उजाडतं, आणि वयाची मर्यादा त्याआधीच गाठते. म्हणजे ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर. दुसऱ्या पेन्शनच्या हिशेबाने जाणार असेल तर तो हिशेब जुळत नाही. पगारासाठी आणि शिस्तीच्या आयुष्यासाठी जाणार असेल तर खुशाल जावं.

दुसरा रस्ताही डोळ्यांसमोर ठेवा. केंद्र सरकारच्या गट क मध्ये माजी सैनिकांना 10 टक्के आणि गट ड मध्ये 20 टक्के जागा असतात, सरकारी बँका नि सार्वजनिक उपक्रमांत 14.5 आणि 24.5 टक्के. वय मोजताना खऱ्या वयातून फौजेची सेवा वजा करतात: 43 वजा 24, म्हणजे 19. ते ठरलेल्या मर्यादेच्या तीन वर्षांहून पुढे नसलं की झालं. बँकेच्या शिपाई किंवा सुरक्षारक्षकाच्या जागेसाठी हा माणूस अजून तरणा आहे! बेळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलंय का? नसेल तर डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि फोटो घेऊन ह्याच आठवड्यात जावं.

उत्तर 3: सोळाशे_मीटर

पुतण्याचं सांगतो.

गुण: जीडीला (जनरल ड्युटी, म्हणजे साधा शिपाई) दहावीत एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 टक्के. कर्नाटकच्या 625 वर 45 टक्के म्हणजे 281.25, म्हणजे 282 लागतात. 281 वाल्याचे 44.96 होतात आणि ते 45 धरत नाहीत. तुमचे 289 आहेत, ठीक. पण पहिली भाषा 125 ची असते, तिथं 33 टक्के म्हणजे 42 गुण, तेवढं मार्क्स कार्डावर बघा.

उंची: कर्नाटक दक्षिण विभागात, तिथं जीडीला 166 पुरते. महाराष्ट्राला 168. त्यामुळे 167 चा मुलगा बेळगावात बसतो, कोल्हापुरात नाही. छाती 77, फुगवून आणखी 5.

आधी ऑनलाईन लेखी परीक्षा: एक तास, 50 प्रश्न, 100 गुण. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापतात, त्यामुळे 'सगळं टिक करून ये' हा सल्ला ऐकू नका. 2025 पासून पेपर मराठीतही देता येतो, कन्नडमध्येही. भाषा अर्ज भरतानाच निवडायची असते. सायबर सेंटरवाला स्वतःच्या मनाने इंग्रजी टाकून मोकळा होतो, तेव्हा शेजारी बसून भरून घ्या.

मग मैदान. 1600 मीटर 5:30 च्या आत आलं तर 60 गुण, 5:45 पर्यंत 48. 2025 पासून पुढे 6:00 पर्यंत 36 आणि 6:15 पर्यंत 24 असे टप्पे वाढवलेत. 400 च्या चार फेऱ्या धरा: प्रत्येक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत. पोरं पहिली फेरी 70 मध्ये काढतात आणि तिसरीत मरतात. तिसरी फेरी सांभाळायला शिकणं हाच सराव. पुलअप 10 ला 40 गुण, 6 ला 16. हनुवटी बारच्या वर गेली पाहिजे, खाली येताना कोपर सरळ झाला पाहिजे. झोका घेऊन मारलेले मोजत नाहीत. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स फक्त पास व्हायचं.

उत्तर 4: बेळगाव_रेकॉर्ड

उंचीच्या मुद्द्यावर एक दुरुस्ती. माजी सैनिकाच्या मुलाला उंचीत 2 सेंमी, छातीत 1 सेंमी आणि वजनात 2 किलो सूट असते. तेव्हा हा मुलगा दोन्हीकडे बसतो. अर्ज कुठून करायचा, हे मात्र उंचीवर ठरत नाही, रहिवासावर ठरतं.

वडिलांचं घर, शिधापत्रिका, मुलाचं एसएसएलसी सगळं खानापूर तालुक्यातलं आहे, तर जिल्हा बेळगाव आणि भरती कार्यालयही बेळगावचं. आधारवरचा पत्ता अर्जाआधी खानापूरचा करून घ्या आणि नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसूल कार्यालय) फोटोसह रहिवासी दाखला काढा. अर्ज एका जिल्ह्याचा आणि दाखला दुसऱ्या जिल्ह्याचा असला तर कागद तपासणाऱ्या टेबलावरूनच परत पाठवतात. दोन्हीकडचे दाखले काढून ठेवणारी घरं सीमाभागात आहेत. ते करू नका. पोलीस पडताळणी घरच्या पत्त्यावर होते, आणि खोटं उघडं पडलं तर ट्रेनिंगमधूनही काढतात.

सूट मिळायला रेकॉर्ड ऑफिसचं नातेसंबंध प्रमाणपत्र लागतं, आणि घोळ होतो तो इथं. वडिलांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये मुलाचं नाव एक, मार्क्स कार्डावर दुसरं. आपल्याकडे मार्क्स कार्डावर कुठं आद्याक्षर आधी, कुठं आडनावच गाळलेलं, तर आधारवर नाव-वडील-आडनाव असं मराठी पद्धतीचं. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक असला तरी प्रमाणपत्र अडतं. दुरुस्तीला महिने जातात, म्हणून डिस्चार्ज बुक आणि मार्क्स कार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा.

हेच प्रमाणपत्र हातात असेल तर बेळगावातल्या मराठा लाईट इन्फंट्री सेंटरच्या युनिट हेडक्वार्टर कोट्याच्या (आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठीच्या) भरतीतही त्याला उतरता येतं. ती वेगळी संधी आहे, तिच्या तारखेवर लक्ष ठेवा.

मलप्रभाकाठ

मनापासून आभार. डिस्चार्ज बुकात मुलाच्या नावात एक अक्षर कमी आहे, उद्याच भावाला कामाला लावतो. अग्निवीरचा पगार हातात किती येतो? आणि चार वर्षांनी पुढं काय?

उत्तर 5: माजी_सैनिक_निपाणी

पहिल्या वर्षी 30,000, त्यातले 30 टक्के कापून हातात 21,000. चौथ्या वर्षी 40,000 मधले 28,000. कापलेल्याची चार वर्षांची बेरीज 5.02 लाख. तेवढेच सरकार घालतं, म्हणजे 10.04 लाख अधिक व्याज, करमुक्त. विमा 48 लाखांचा, त्याचा हप्ता जवानाकडून घेत नाहीत. वर्षाला 30 दिवस रजा. चार वर्षे लग्न करता येत नाही.

25 टक्क्यांपर्यंत मुलांना पुढं कायम ठेवतात. राहिला तर त्याला स्वतःचा वाटा आणि त्यावरचं व्याज मिळतं, सरकारचा वाटा नाही. बाहेर पडणाऱ्याला पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), कॅन्टीन काही नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. बापाला जे मिळालं तेच मुलाला मिळणार असं धरून चालू नका. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांसाठी 10 टक्के जागांची घोषणा 2022 लाच झालीय, पण त्या परीक्षांना तयारी लागते. म्हणून पुढचं शिक्षण सोडू देऊ नका. बारावी झालेला आहे, पदवीला बाहेरून नाव घालून ठेवा.

उत्तर 6: सोळाशे_मीटर

राहिलेलं थोडं. मैदानावर स्मार्टफोन चार्ज करून आणि डेटा भरून न्यावा, अडॅप्टॅबिलिटी टेस्ट (फौजेच्या जीवनाशी जुळवून घेता येईल का ते बघणारी चाचणी) त्याच्यावर होते. पांढऱ्या पार्श्वभूमीचे 20 फोटो, तीन महिन्यांच्या आतले, एडिट न केलेले. ग्रामपंचायतीचा चारित्र्य आणि अविवाहित दाखला सहा महिन्यांच्या आतला. गोंदण असेल तर ते कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूलाच चालतं, दंडावर नाव कोरलेलं असेल तर आत्ताच सांगा. आणि कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या, एवढ्याशा गोष्टीवरून मेडिकलला तात्पुरतं नापास करतात आणि मग फेरतपासणीसाठी मिलिटरी हॉस्पिटलच्या चकरा.